सर्चमध्ये आपल्याच नावाची भलती माणसं सापडली, तर नाव बदलायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट होईल. नोकरीसाठी अर्ज करण्याआधी तुम्ही स्वतःचं नाव सर्च केलंत. पहिल्या पानावर तुम्ही नाहीच. तिथे तुमच्याच नावाचा एक फोटोग्राफर आहे, एक दंतवैद्य आहे आणि आर्थिक फसवणुकीत अटक झालेला एक माणूस आहे. त्याची बातमी वरून तिसरी. शिवाय अधूनमधून तुमच्या इनबॉक्समध्ये भलत्याच कोणाच्या तरी मेल येऊन पडतात. नाव बदलू का, ती बातमी काढता येईल का, आणि या नामबंधूंना स्वतःहून लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारताय.

मी ग्रंथालयात काम करतो. बरीच वर्षं कॅटलॉगिंग केलं, आता संशोधकांच्या नावांचे गुंते सोडवायचं काम जास्त येतं. एकाच नावाचे चार लेखक, त्यात एक पशुवैद्यक, एक कवी, एक कायद्याची पुस्तकं लिहिणारा, आणि चौथा नक्की वेगळा की कवीच म्हातारपणी प्रवासवर्णनं लिहू लागला, हे ठरवायचं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी वकिलाच्या किंवा मार्केटिंगवाल्याच्या नजरेने बघत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आणखी तिघांचं नाव तुमच्यासारखं आहे, एवढ्याने काही बिघडत नाही. बघणारा माणूस यातले तुम्ही कोण हे ठरवायला जेमतेम काही सेकंद देतो, आणि तेवढ्यात त्याच्या नजरेला तुमची एकही खूण पडत नाही, बिघडतं ते इथे. गर्दीत हरवणं, म्हणजे कोणाला तुम्ही सापडतच नाही, हा त्रास तसा सौम्य. दुसऱ्याची गोष्ट तुम्हाला चिकटणं हा गंभीर. तुम्ही पहिल्याने वैतागला आहात आणि घाबरला आहात दुसऱ्याला. दोन्हींवर इलाज एकच असला तरी घाई फक्त दुसऱ्याची करायची.

किती घाबरायचं, हे मात्र परिस्थितीवर आहे. तो अटक झालेला माणूस तुमच्याच वयाचा, तुमच्याच क्षेत्रातला, तुमच्याच शहरातला असेल तर गोष्ट वेगळी. तो तुमच्याहून तीस वर्षांनी मोठा आणि भलत्याच धंद्यातला असेल, बातमीत त्याचा फोटोही असेल, तर वाचणाऱ्याला दहा सेकंदांत कळतं. तुम्ही हे लिहिलेलं नाही, त्यामुळे मी दोन्ही शक्यता धरून चालतो.

आधी एक तपासणी करा. तुम्हाला दिसलेलं पान सगळ्यांना तसंच दिसत नाही. सर्च इंजिन ठिकाण, भाषा आणि काही प्रमाणात तुमचा आधीचा वावर बघून निकालांचा क्रम लावतं. म्हणून ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा, लॉग-आउट असल्याची खात्री करा आणि नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. मग नाव आणि तुमचा व्यवसाय, नाव आणि आधीची कंपनी, नाव आणि शहर असं शोधा. फोटोंचा टॅबही बघा, कारण पुष्कळ लोक तिथूनच मत बनवतात. नोकरी देणारा नुसतं नाव क्वचितच शोधतो. त्याच्या हातात तुमचा बायोडेटा असतो, तो नावाला आणखी काहीतरी जोडतोच. नाव आणि व्यवसाय असं टाकल्यावर तुम्ही वर येत असाल तर निम्मी काळजी इथेच सोडा. तिथेही तो फसवणूकवालाच वर येत असेल, तर पुढचं नीट वाचा.

नावाला जन्मतारीख जोडली की माणूस पक्का ठरतो, असा एक समज आहे. ठरत नाही. एका खोलीत २३ जण असले की कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, हे गणित अनेकांनी ऐकलेलं असतं. तेच नावाला लावा. एकाच नावाची माणसं सत्तर वर्षांच्या काळात सारखी पसरून जन्मली असं धरलं, तर साधारण १९० जण जमले की कुठल्या तरी दोघांची पूर्ण जन्मतारीख, वर्षासकट, जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. प्रत्यक्षात नावं सारखी पसरत नाहीत. एखादं नाव काही वर्षं फार चालतं आणि मग मागे पडतं, त्यामुळे याहून कमी लोकांतही जुळणी होते. आणि काही समाजांत मुळात आडनावंच थोडी. दक्षिण कोरियात साधारण दर पाचातला एक माणूस किम असतो. चीनमध्ये वांग, ली आणि झांग ही तीनच आडनावं वीस कोटींहून जास्त लोक लावतात.

नुसत्या नावावर विसंबलं की काय होतं, याची दोन उदाहरणं देतो. अमेरिकेचे सिनेटर टेड केनेडी यांनी २००४ मध्ये सिनेटच्या सुनावणीतच सांगितलं होतं की विमानतळावर त्यांना वारंवार अडवलं गेलं, कारण संशयितांच्या यादीतल्या एका नावाशी त्यांचं नाव जुळत होतं. देशभर ओळखीचा चेहरा, तरी अडवलं, कारण काउंटरवरची यंत्रणा चेहरा बघतच नव्हती. दुसरं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं आहे. २०११ मध्ये अमेरिकेत एक माणूस गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला. विक्रेत्याने मागवलेल्या क्रेडिट रिपोर्टवर, याचं नाव सरकारच्या दहशतवादी आणि अमली पदार्थांच्या तस्करांच्या यादीशी जुळतंय, असा शेरा होता. रिपोर्ट देणारी ट्रान्सयुनियन ही कंपनी त्या शेऱ्यासाठी फक्त नाव आणि आडनाव जुळवून बघत होती, जन्मतारीखसुद्धा नाही. गाडी त्याच्या नावावर विकायला विक्रेत्याने नकार दिला. पुढे असा शेरा लागलेल्या ८,१८५ लोकांच्या वतीने खटला चालला आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. ज्या १,८५३ जणांचे रिपोर्ट प्रत्यक्ष बाहेर कोणाला तरी पाठवले गेले होते, त्यांनाच नुकसानीसाठी दावा करता येईल, असं कोर्टाने ठरवलं. बाकीच्यांच्या फायलीत चूक पडून होती, पण ती कोणी वाचलेली नव्हती.

कायद्याचा हा निकाल सगळ्यांना पटलेला नाही, पण तुमच्यासाठी त्यातली एक गोष्ट कामाची आहे. चूक कुठे आहे यापेक्षा ती कोणाच्या हातात पडते ते आधी बघा. सर्चचं अख्खं पान स्वच्छ करायच्या मागे लागू नका. जे पाच-दहा लोक पुढच्या काही महिन्यांत तुमच्याबद्दल ठरवणार आहेत, त्यांच्या हातात तुमची खूण आधी पडू द्या.

ती खूण कशी तयार करायची, हे ग्रंथालयांना फार आधीपासून सोडवावं लागलंय. दोन लेखकांचं नाव सारखं निघालं की आम्ही नाव बदलत नाही, नावाला शेपूट जोडतो. बहुतेक वेळा जन्मवर्ष, नाहीतर मधलं पूर्ण नाव, नाहीतर व्यवसाय. त्या माणसाचं प्रत्येक पुस्तक मग त्याच एका नोंदीखाली येतं. या नोंदींच्या साठ्याला आम्ही ऑथॉरिटी फाइल म्हणतो. आइसलँडमध्ये बहुतेकांना घराण्याचं आडनावच नसतं, त्यामुळे तिथल्या छापील टेलिफोन डिरेक्टरीत लोक पहिल्या नावाने लावलेले असत आणि पुढे व्यवसाय दिलेला असे. अख्ख्या देशाचं त्यावर भागत होतं.

संशोधकांसाठी २०१२ पासून ऑर्किड (ORCID) नावाचा सोळा अंकी क्रमांक आहे. फुकट मिळतो, नोकरी बदलली, लग्नानंतर नाव बदललं, तरी तोच राहतो. तुम्ही शोधनिबंध लिहीत असाल तर आजच काढा, यावर जास्त चर्चा नको. तुम्ही संशोधक नसाल तर असा सर्वमान्य क्रमांक तुमच्यासाठी नाही, आणि सरकारी ओळखक्रमांक तर चुकूनही या कामी वापरायचा नाही. मग तुमची ऑथॉरिटी फाइल तुम्हालाच उघडावी लागेल.

म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगतो. नावाचं एकच रूप ठरवा. तुमचं नाव फार चालणारं आहे, तेव्हा मधलं नाव किंवा निदान त्याचं आद्याक्षर घाला. आपल्यापैकी ज्यांचं नाव मुळात देवनागरीत आहे त्यांची आणखी एक पंचाईत असते: रोमन लिपीत तेच नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं, मार्कशीटवर एक, पासपोर्टवर दुसरं, मेलमध्ये तिसरं. पासपोर्टवरचं स्पेलिंग धरा आणि बाकी सगळीकडे तेच करत जा. मग नावाला एक ठरावीक वर्णन जोडा, चार-पाच शब्दांचं. ‘पूल आणि रस्ते, स्ट्रक्चरल इंजिनिअर’ असं काहीतरी. हे नाव आणि हे वर्णन शब्दशः तसंच बायोडेटावर, लिंक्डइनवर, मेलच्या सहीखाली, तुमचं स्वतःचं पान असेल तर तिथे. सगळीकडे फोटो एकच. दर ठिकाणी थोडं वेगळं लिहायचा मोह होतो, कारण तेच तेच लिहिताना आपल्यालाच कंटाळा येतो. तो कंटाळा सोसा. यंत्र आणि घाईतला माणूस, दोघंही पुनरावृत्तीवरूनच जुळवतात. आणि बायोडेटावर तुमच्या पानाची किंवा प्रोफाइलची लिंक छापा. लिंक दिलेल्या माणसाला शोधायची गरज पडत नाही, आणि शोध घेतलाच नाही तर फसवणूकवाला त्याला भेटतही नाही. सगळ्यात जास्त उपयोग याच एका ओळीचा होतो, आणि लोक नेमकी तीच विसरतात.

आता धोक्याचं. स्वतःला वेगळं दाखवण्याच्या नादात लोक पूर्ण जन्मतारीख, पत्ता, आई-वडिलांची नावं असं सगळं जाहीर करून बसतात. आम्ही लेखकांचं जन्मवर्ष छापतो, कारण ते सहसा पुस्तकाच्या मलपृष्ठावर आलेलंच असतं. तुमची जन्मतारीख मात्र बँक फोनवर विचारते. खूण अशी निवडा की ती उद्या सगळ्यांना कळली तरी बिघडणार नाही: व्यवसाय, कामाची वर्षं, संस्था, प्रकल्प.

नाव बदलायचं का? माझं मत विचाराल तर नाही. अभिनेत्यांना ते करावं लागतं, कारण अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्यांच्या संघटना एकाच व्यावसायिक नावाचे दोन सभासद घेत नसत. मायकेल कीटन यांचं जन्मनाव मायकेल डग्लस, पण त्या नावाचा नट आधीच होता. डेव्हिड टेनंट हे मुळात डेव्हिड मॅकडॉनल्ड. त्यांनी ते अगदी सुरुवातीला केलं, नावावर काही जमा व्हायच्या आत. तुमच्या पदव्या, अनुभवपत्रं, जुन्या वरिष्ठांची शिफारस हे सगळं या नावावर आहे. नाव बदललंत तर फसवणूकवाल्याबरोबर स्वतःच्याच भूतकाळापासूनही तुटाल, आणि मग दोन नावं एकाच माणसाची आहेत हे पटवत बसाल. बदलायची इतर काही कारणं असतील तर तो पूर्ण वेगळा प्रश्न.

बातमी काढता येईल का? जवळजवळ नाहीच. युरोपियन न्यायालयाने मे २०१४ मध्ये गूगलविरुद्धच्या खटल्यात, स्वतःच्या नावाच्या शोधातून जुनी किंवा गैरलागू माहिती वगळण्याची मागणी करता येते, असा निकाल दिला. त्याचा उल्लेख करून अनेक जण मला विचारतात. पण तिथे माहिती मागणी करणाऱ्याबद्दलचीच होती. तुमच्या बाबतीत बातमी खरी आहे आणि दुसऱ्याची आहे. ती चुकीची नाही, चुकीचं आहे ते वाचणाऱ्याचं अनुमान. अपवाद एकच: बातमीत चुकून तुमचा फोटो किंवा तुमच्या प्रोफाइलची लिंक वापरली असेल तर संपादकांना लगेच, लेखी, पुराव्यासह कळवा. ही त्यांची चूक असते आणि सहसा ती दुरुस्त होते.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘फसवणूक प्रकरणातली ती व्यक्ती मी नव्हे’ असं स्वतःच्या पानावर लिहू नका. तुमचं नाव आणि तो गुन्हा आतापर्यंत तुमच्या पानावर एकत्र आलेले नव्हते, ते तुम्हीच एकत्र आणाल. सर्च इंजिनला नकार फारसा कळत नाही, आणि वरवर वाचणाऱ्या माणसालाही नाही. मुलाखतीआधी कोणाला सांगायचंच झालं तर त्या एका माणसाला सांगा, एका वाक्यात: ‘माझ्या नावाच्या दुसऱ्या एका व्यक्तीची बातमी सर्चमध्ये येते, माझा त्याच्याशी संबंध नाही, माझं प्रोफाइल या लिंकवर आहे.’ आणि हे फक्त शहर किंवा क्षेत्र जुळत असेल तरच. नाहीतर नसलेली शंका तुम्हीच पेराल. कंपनी एखाद्या एजन्सीकडून पार्श्वभूमी तपासून घेणार असेल तर अहवालाची प्रत मागा. काही देशांत ती मिळण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे, काही ठिकाणी फक्त विनंती करता येते. विनंती मान्य होते पुष्कळदा.

हल्ली एक नवी डोकेदुखी वाढली आहे. सर्चच्या माथ्यावर यंत्राने लिहिलेला जो सारांश येतो, तो कधीकधी तीन माणसांचा एक माणूस करतो: दात काढणारा, फोटो काढणारा आणि जामिनावर सुटलेला. ऐकायला गंमत वाटते, ज्याच्यावर बेततं त्याला नाही वाटत. तिथे अभिप्राय द्यायची सोय असते, ती वापरा, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. याहून जास्त सध्या तुमच्या हातात नाही.

आता इनबॉक्सबद्दल. तुमचं खातं हॅक झालेलं नाही. जीमेलमध्ये पत्त्यातले टिंब धरले जात नाहीत, टिंब कुठेही द्या, मेल त्याच खात्यात येते. त्यामुळे ‘टिंबवाला पत्ता त्याचा, बिनटिंबाचा माझा’ असं नसतं. तुमचा नामबंधू स्वतःचा पत्ता चुकीचा सांगतोय, किंवा त्याला मेल लिहिणारा पत्त्यातला आकडा टाकायला विसरतोय. माणसाने लिहिलेली मेल असेल तर एकदा उत्तर द्या: चुकीच्या पत्त्यावर आली आहे, दुरुस्त करा. त्याची तिकिटं, वैद्यकीय रिपोर्ट, करारपत्र काही आलं असेल तर ते साठवून ठेवू नका. आणि त्याने तुमच्या पत्त्यावर कुठे खातं उघडलं असेल तर पासवर्ड बदलून आत शिरण्याचा मोह टाळा. तांत्रिकदृष्ट्या ते सहज जमतं, म्हणून तर सांगतोय. ते खातं त्याचं आहे. ‘हे मी नव्हे’ अशी लिंक मेलमध्ये असते, पण ती दाबण्याआधी मेल खरंच त्या कंपनीकडून आली आहे का ते बघा.

शेवटचा प्रश्न, लिहू का. कारण असेल तर जरूर लिहा. १८९९ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचे दोन लेखक होते. अमेरिकेतला कादंबरीकार त्या वेळी जास्त प्रसिद्ध होता. ब्रिटनमधला चर्चिल, जो पुढे पंतप्रधान झाला, त्याला आपल्या नावावर भलत्याच पुस्तकाचं कौतुक ऐकू यायला लागलं. त्याने अमेरिकेतल्या चर्चिलला पत्र लिहून कळवलं की यापुढे मी माझ्या पुस्तकांवर ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ असं लिहीन. दुसऱ्याने उत्तरात कळवलं की मला आणखी नाव असतं तर मीही तेच केलं असतं. पुढच्या वर्षी दोघं बॉस्टनमध्ये भेटलेसुद्धा. यात मला आवडतं ते हे की पत्र लिहिणाऱ्याने समोरच्याकडे काही मागितलं नाही, स्वतः काय करणार ते सांगितलं.

तुम्हीही फोटोग्राफरला किंवा दंतवैद्याला असंच लिहा: तुमच्या मेल माझ्याकडे येतात, माझा व्यवसाय अमुक, माझ्यासाठीचं काही तुमच्याकडे आलं तर या पत्त्यावर पाठवाल का. पाच ओळी पुरे. सोबत ओळखपत्राची प्रत वगैरे काही नाही. फसवणूकवाल्याला लिहायचं नाही, त्याच्या वकिलालाही नाही. आणि उलट दिशेने, तुमच्या आडनावाचा कोणी श्रीमंत माणूस वारसाविना वारला, पैसे तुमचे होऊ शकतात, असं सांगणारा कोणी अनोळखी वकील लिहील, तर तो जुना सापळा आहे. त्यांच्याकडे आडनावांची यादी असते, बाकी काही नसतं.

फोटोग्राफरकडून महिनाभरात उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नका, त्याच्या मेल मात्र पाठवणाऱ्यांकडे परत जाऊ देत.